एक नाव, अनेक ग्रंथ : 'वाग्भट' व 'रत्नाकर' यांच्या निमित्ताने

द्रव्यगुणाचे अध्ययन करताना संदिग्ध द्रव्यांचा विचार आपण सर्वांनीच केलेला आहे. 'रास्ना' म्हटली की उत्तरेकडील वैद्य एक वनस्पती घेतो, बंगालमध्ये झाडावर वाढणारी वंदा घेतली जाते आणि केरळात कुलिंजनाचा कंद पुढे येतो. 'शंखपुष्पी'चीही तीच कथा. दक्षिणेत त्या नावाने गोकर्ण मिळते, तर उत्तरेत जमिनीलगत पसरणारी निराळीच वनस्पती. या संदिग्धतेवर परिसंवाद होतात, प्रबंध लिहिले जातात, औषधनिर्माते कच्चा माल तपासून घेतात. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारे आपण ही द्रव्ये वापरतो, ते ग्रंथही नावापुरते एक आणि प्रत्यक्षात अनेक असू शकतात, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. संदिग्ध द्रव्याप्रमाणे संदिग्ध ग्रंथ हाही एक विषय आहे, आणि त्याचा परिणाम अखेर रुग्णाच्या पोटापर्यंत पोहोचतो. म्हणून या अंकात त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्ही योजले आहे.

नामसाम्याचा उपद्रव खेड्यातील माणसाला नवा नाही. आमच्या गावाला (ता. दारव्हा) नुसते 'बोरी' म्हणून भागत नाही, 'बोरी अरब' असेच लिहावे लागते, कारण विदर्भात बोरींना तोटा नाही. गावांच्या बाबतीत लोकांनी हा विवेक केव्हाच केला. ग्रंथांच्या बाबतीत आपण वैद्यांनी तो अद्याप पुरता केलेला नाही.

ग्रंथकाराचे नाव हेच ग्रंथाचे नाव

आयुर्वेदात ही गुंतागुंत विशेष वाढण्यास एक कारण आहे. आपल्या परंपरेत ग्रंथ हा त्याच्या कर्त्याच्या नावाने ओळखला जातो. माधवकराच्या ग्रंथाचे मूळ नाव 'रुग्विनिश्चय'. ते किती जणांच्या तोंडी आहे? आपण 'माधवनिदान' म्हणतो, बोलताना तर नुसता 'माधव'. चक्रपाणिदत्ताचा 'चिकित्सासंग्रह' आपल्याला 'चक्रदत्त' म्हणूनच ठाऊक आहे, आणि वंगसेनाचा 'चिकित्सासारसंग्रह' हा 'बंगसेन' झाला. हे एका दृष्टीने सोयीचेच झाले. अन्यथा 'चिकित्सासंग्रह' आणि 'चिकित्सासारसंग्रह' यांत विद्यार्थ्यांची त्रेधा उडाली असती. वृंदाने आपल्या ग्रंथास 'सिद्धयोग' म्हटले, पण रोगांचा क्रम माधवाचा घेतल्यामुळे लोकांनी त्याचे 'वृंदमाधव' करून टाकले. आता या नावात माधव आहे, पण ग्रंथ माधवाचा नाही. पुढे आणखी एक माधव आला, माधव उपाध्याय. त्याचा 'आयुर्वेदप्रकाश' हा रसशास्त्राचा ग्रंथ. 'माधवात असे सांगितले आहे' या वाक्याचा अर्थ त्यामुळे ऐकणाऱ्याने संदर्भावरून लावायचा.

महाराष्ट्रात या प्रथेचे उत्तम उदाहरण म्हणजे गणेश कृष्ण गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट'. वस्तुतः ते अष्टांगहृदयाचे मराठी भाषांतर आहे. अनेक वैद्यघराण्यांत हे जाड पुस्तक पिढ्यानपिढ्या पूजेच्या पोथीप्रमाणे जपलेले आढळते, आणि त्याच्या प्रभावाने मराठी वैद्याच्या मनात 'वाग्भट' म्हणजे अष्टांगहृदय हे समीकरण पक्के बसले आहे. गर्दे यांचे उपकार थोर आहेत; आमच्या पिढीतील कित्येकांना संस्कृतची भीती गेली ती या ग्रंथामुळेच. तथापि समीकरण मात्र अपुरे आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

वाग्भट किती?

एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथकारसूचीत 'वाग्भट' हे नाव काढून पाहावे. वैद्य तेथे एका ग्रंथाच्या अपेक्षेने जातो आणि त्याच्या हाती निदान सहा लागतात : अष्टांगसंग्रह, अष्टांगहृदय, रसरत्नसमुच्चय, वाग्भटालंकार, काव्यानुशासन आणि नेमिनिर्वाण. पहिले दोन कायचिकित्सादी आठही अंगांचे, तिसरा रसशास्त्राचा, चौथा व पाचवा अलंकारशास्त्राचे आणि सहावे तर बाविसावे जैन तीर्थंकर नेमिनाथ यांच्या चरित्रावरील महाकाव्य. योगायोग असा की, मुंबईच्या ज्या निर्णयसागर मुद्रणालयाने अष्टांगहृदय घराघरांत पोहोचवले, त्याच मुद्रणालयाच्या काव्यमालेत हे अलंकारग्रंथही निघाले. एकाच छापखान्याचे सुबक टंक, एकच ग्रंथकारनाम. उतावीळ वाचकाची फसगत व्हावी अशीच ही मांडणी!

अलंकारग्रंथांचा निकाल लवकर लागतो. वाग्भटालंकाराचा कर्ता हा गुजरातेतील अणहिलवाडचा राजा जयसिंह सिद्धराज याचा समकालीन, म्हणजे बाराव्या शतकातील जैन पंडित. त्याचे प्राकृत नाव 'बाहड' आणि पित्याचे नाव सोम. काव्यानुशासनाचा वाग्भट हा नेमिकुमाराचा पुत्र, म्हणजे निराळा व उत्तरकालीन. नेमिनिर्वाणातील श्लोक वाग्भटालंकारात उदाहरणादाखल आलेले आहेत, त्यामुळे ते काव्य त्याच्या आधीचे किंवा त्याच काळातील ठरते. यांपैकी कोणाचाही वैद्यकाशी संबंध नाही. वैद्याने हे ग्रंथ आनंदासाठी अवश्य वाचावेत; चिकित्सेसाठी त्यांत काही शोधू नये.

खरा विचार उरतो तो पहिल्या तिघांचा.

संग्रह आणि हृदय यांच्या कर्त्याविषयीचा वाद जुना आहे. संग्रहाच्या शेवटी ग्रंथकाराने आपली ओळख दिली आहे. त्याच्या आजोबांचे नावही वाग्भटच, पिता सिंहगुप्त, जन्म सिंधुदेशातील, आणि गुरू अवलोकित. म्हणजे नामसाम्याचा प्रारंभ घरातूनच झालेला आहे! हृदयाच्या शेवटी हे कुलवृत्त येत नाही. तेथे एवढेच सांगितले आहे की, अष्टांगवैद्यकाच्या महासागराचे मंथन करून जो संग्रहरूपी अमृतराशी मिळाला, त्यातून अल्प श्रमात मोठे फळ इच्छिणाऱ्यांसाठी हे वेगळे तंत्र काढले. एवढ्यावरून काहींनी दोन्ही ग्रंथ एकाच कर्त्याचे मानले, काहींनी 'वृद्धवाग्भट' व 'लघुवाग्भट' असे दोघे कल्पिले. दोन्ही बाजूंची प्रमाणे आम्ही पाहिली आहेत. आमचे मत असे की, व्यवसाय करणाऱ्या वैद्यासाठी कर्ता एक की दोन हा प्रश्न दुय्यम आहे. ग्रंथ दोन आहेत हे मुख्य. संग्रहाचे अध्याय १५०, हृदयाचे १२०. संग्रहात गद्य व पद्य दोन्ही आहे, हृदय पद्यमय आहे. स्थाने सहा आणि त्यांची नावेही तीच, पण सूत्रस्थानाचे अध्याय संग्रहात ४० आणि हृदयात ३०. शारीराचे तेथे १२ आणि येथे ६. म्हणून 'वाग्भट, सूत्रस्थान, अध्याय तेरा' असा संदर्भ कोणी दिला तर तो अर्धाच संदर्भ होय.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. प्रमेहात आमलकी व हरिद्रा यांचा योग आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण वापरतो आणि 'वाग्भटाने अग्र्य सांगितले आहे' असे म्हणतो. अग्र्य द्रव्यांचा प्रदीर्घ संग्रह अष्टांगसंग्रहाच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात आहे. तो चरकाच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायाच्या वळणाचा आहे. धात्री-निशेचा रोगानुसारी उल्लेख मात्र हृदयाच्या उत्तरस्थानातील चाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात येतो. ज्वरात मुस्ता-पर्पटक हेही तेथेच. 'वाग्भटोक्त अग्र्य' एवढ्या शब्दांवर विसंबून जो विद्यार्थी सूत्रस्थान चाळत बसेल, तो दिवसभर चाळत बसेल.

या दोन ग्रंथांना एकत्र वाचण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच दाखवला आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने हृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, आणि तीत तो संग्रहातील वचने हृदयाच्या शेजारी ठेवून अर्थ लावतो. आज ही टीका काही स्थानांपुरतीच उपलब्ध आहे. गावोगावच्या हेमाडपंती देवळांमुळे हेमाद्रीचे नाव आमच्या भागात निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. त्याने वैद्यकावर ग्रंथरचना केली हे मात्र पुष्कळ वैद्यांनाही सांगावे लागते. अरुणदत्ताची 'सर्वांगसुंदरा' आणि हेमाद्रीची ही टीका एकत्र देणारी निर्णयसागरची आवृत्ती भिषगाचार्य हरिशास्त्री पराडकर यांनी सिद्ध केली. संग्रहासाठी इंदूच्या 'शशिलेखा' टीकेसह पुण्याचे वैद्य अनंत दामोदर आठवले यांनी संपादिलेली आवृत्ती (१९८०) आहे. ज्यांना दोन्ही वाग्भट शेजारी ठेवून पाहायचे आहेत, त्यांनी या दोन आवृत्त्या संग्रही ठेवाव्यात.

रसवाग्भट

आता रसरत्नसमुच्चय. याचाही कर्ता स्वतःस सिंहगुप्ताचा पुत्र वाग्भट म्हणवतो. नाव तेच, पित्याचे नावही तेच! मग तो संग्रहकारच का नव्हे? पूर्वी काहींनी तसे मानलेही. परंतु ग्रंथच त्याविरुद्ध साक्ष देतो. रसरत्नसमुच्चयाने आरंभी सत्तावीस रससिद्धांची नावे दिली आहेत आणि पुढे सोमदेवाच्या 'रसेंद्रचूडामणी'तील मजकूर मोठ्या प्रमाणावर उचलला आहे. सोमदेव हा बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचा. उलट अष्टांगहृदयाचे तिबेटी भाषांतर रिन्छेन झांग्पो (९५८-१०५५) या पंडिताच्या काळात झालेले आहे. ज्या ग्रंथाचे परभाषेत भाषांतर अकराव्या शतकापर्यंत पूर्ण झाले, त्याचा कर्ता बाराव्या शतकानंतरच्या ग्रंथातून उतारे घेऊ शकत नाही. हृदयाचा काळ सामान्यतः सहावे-सातवे शतक मानतात. चिनी प्रवासी इत्सिंग सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात होता. वैद्यकाची आठ अंगे अलीकडेच कोणी एकाने संक्षेप करून एकत्र बांधली, असे तो लिहितो, पण त्या पुरुषाचे नाव देत नाही. येथे ग्रंथ आहे तर नाव नाही; एरवी नाव एक आणि ग्रंथ पुष्कळ.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न असता तर आम्ही त्यासाठी या त्रैमासिकाची पाने अडवली नसती. हिंग्वष्टक चूर्ण अष्टांगहृदयाच्या चिकित्सास्थानात गुल्माच्या अध्यायात आहे. आठही द्रव्ये आपल्या स्वयंपाकघराला परिचित अशी. आरोग्यवर्धिनी रसरत्नसमुच्चयातील आहे; तीत पारद, गंधक, लोह, अभ्रक व ताम्र यांचा एकेक भाग, त्रिफळा, शिलाजतू, गुग्गुळ व चित्रक, आणि या सर्वांइतकी कुटकी असून निंबपत्रस्वरसाच्या भावना आहेत. दोन्ही योगांना 'वाग्भटोक्त' म्हणता येईल. एकात काष्ठौषधी व लवण, दुसऱ्यात कज्जली व ताम्रभस्म. एवढे अंतर एका शब्दाखाली झाकले जाते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील एक गर्भवती भगिनी पाचव्या महिन्यात अरुची व मलावरोध घेऊन आली. तिने आधी कोठे औषध घेतले होते आणि सोबत चिठ्ठी होती. तिच्यावर 'वाग्भटोक्त वटी, दोन वेळा' इतकेच लिहिलेले. पुडीतील गोळ्या काळपट, चव अत्यंत कडू. कडवटपणावरून तर्क करता येतो, पण तर्क म्हणजे निश्चय नव्हे. आम्ही ती वटी बंद केली, साधा आहार व मनुका दिल्या आणि चिठ्ठी देणाऱ्या वैद्यबंधूंना दूरध्वनी केला. ती आरोग्यवर्धिनीच निघाली. त्यांनी ती यकृताच्या विचाराने दिली होती. तिच्या गर्भिणी अवस्थेची त्यांना त्या वेळी कल्पना नव्हती. चिठ्ठीवर योगाचे पूर्ण नाव असते, निदान 'र. र. स.' एवढी तीन अक्षरे असती, तरी पुढील वैद्याला दूरध्वनीची गरज पडली नसती. तो फोन लागला नसता तर काय, हा विचार आम्ही वाचकांवर सोडतो.

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी तयार केलेल्या औषधांना निर्मितीचा परवाना लागत नाही, अशी सवलत कायद्याने दिलेली आहे. या सवलतीमुळे आपल्या कागदी पुडीवर कोणी अधिकारी लेबल पाहायला येत नाही. म्हणून तर पुडीवर काय लिहायचे याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते.

रत्नाकरांची गर्दी

औषधनिर्मात्यांसाठी प्रश्न याहून काटेकोर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील व्याख्येनुसार शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध हे पहिल्या अनुसूचीतील अधिकृत ग्रंथांत सांगितलेल्या पाठाप्रमाणेच तयार झालेले असले पाहिजे. नियम १६१ प्रमाणे लेबलवर घटकांची खरी यादी, प्रमाण, आणि निर्माणपद्धतीसाठी ग्रंथ व अधिकरण यांचा संदर्भ द्यावा लागतो. आता ही अनुसूची उघडून पाहा. तीत अष्टांगहृदय, अष्टांगसंग्रह व रसरत्नसमुच्चय ही तीन स्वतंत्र नावे आहेत. 'वाग्भट' नावाचा ग्रंथ तीत नाही. मात्र 'चक्रदत्त' आणि 'बंगसेन' ही ग्रंथकारनामे ग्रंथनामे म्हणून आहेत. म्हणजे 'संदर्भ : चक्रदत्त' चालेल, 'संदर्भ : वाग्भट' चालणार नाही. रूढी व कायदा येथे एका वाटेने जात नाहीत.

त्याच अनुसूचीत रत्नाकर किती आहेत हे मोजण्यासारखे आहे : योगरत्नाकर, रसयोगरत्नाकर, निघंटुरत्नाकर, बृहत् निघंटुरत्नाकर, बृहत् भैषज्यरत्नाकर, आयुर्वेदरत्नाकर. शिवाय भैषज्यरत्नावली, योगरत्नसंग्रह आणि रसरत्नसमुच्चय ही चुलत भावंडे. आपल्याला संक्षेपाची आवड. 'भै. र.' म्हणजे भैषज्यरत्नावली असा संकेत आहे, पण तीच अक्षरे भैषज्यरत्नाकरालाही लागू पडतात. 'यो. र.' हे योगरत्नाकराचे चिन्ह, आणि योगरत्नसंग्रहाचेही होऊ शकते. नुसते 'र. र.' लिहिले तर वाचणारा नित्यनाथ सिद्धाचा रसरत्नाकर समजेल की समुच्चयातील 'स' गळाला असे समजेल? मुद्रितशोधकाच्या एका डुलकीने ग्रंथ बदलतो.

निघंटुरत्नाकर व बृहत् निघंटुरत्नाकर या जोडीविषयी विशेष सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील अनेक औषधशाळांच्या जुन्या वह्यांत दोहोंसाठी 'नि. र.' असेच लिहिलेले सापडते. निघंटुरत्नाकर हे विष्णु वासुदेव गोडबोले यांचे काम (१८६७). मराठी वैद्यांच्या तीन-चार पिढ्या त्यावर पोसल्या. बृहत् निघंटुरत्नाकर हा मथुरेच्या दत्तराम यांनी संकलित केलेला, मुंबईच्या वेंकटेश्वर मुद्रणालयाने हिंदी अर्थासह छापलेला आठ भागांचा ग्रंथ. त्याचे सातवे व आठवे भाग म्हणजे मुरादाबादचे लाला शालिग्राम यांचा 'शालिग्रामनिघंटु'. तोही स्वतंत्र नावाने ओळखला जातो. तेव्हा 'बृहत्' हे विशेषण पाहून हा गोडबोल्यांच्या ग्रंथाचाच मोठा अवतार असावा, असे कोणी समजू नये. संकलक निराळे, भाषा निराळी, आणि अनुसूचीतील क्रमांकही निराळे.

योगरत्नाकराच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. आपण वापरतो तो, पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला संस्कृत ग्रंथ. त्याच्या कर्त्याचे नाव निश्चित नाही. याच नावाचा एक ग्रंथ नयनशेखर या जैन मुनींनी सतराव्या शतकात गुजरातीत रचलेला आहे. जुन्या हस्तलिखितांच्या सूचीत नाव वाचून पाठ मिळाल्याचा आनंद होण्यापूर्वी भाषा पाहावी.

ग्रंथनाम चुकले तरी अधिकरण सांभाळून घेईल, असे कोणी म्हणेल. तसे नेहमी होत नाही. अभयारिष्ट चरकात आहे आणि भैषज्यरत्नावलीतही आहे. दोन्हीकडे अर्शाच्याच प्रकरणात. चरकाच्या पाठात हरीतकी-आमलकीबरोबर कपित्थ, लोध्र, एलवालुक, विडंग, पिंपळी, मिरे व इंद्रवारुणी आहेत. भैषज्यरत्नावलीच्या पाठात द्राक्षा, मधूकपुष्प, गोक्षुर, धने, धातकी, मोचरस इत्यादींसह त्रिवृत् आणि दंती आहेत. ज्या रुग्णाला दंती सोसत नाही त्याच्यासाठी हे दोन अरिष्ट एक नव्हेत. अधिकरण 'अर्श', नाव 'अभयारिष्ट', इतके सगळे बरोबर लिहूनही कोणते औषध हे ठरत नाही. ते ठरते फक्त ग्रंथनामाने. 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'च्या पहिल्या भागाने (१९७८) प्रत्येक योगाखाली ग्रंथ, अधिकरण व श्लोकांक देण्याची शिस्त पाळली आहे. औषधशाळेच्या प्रत्येक निर्मितीपत्रकावर तेवढे तरी असावे; आणि ग्रंथाचे नाव किमान एकदा पूर्ण लिहावे, नंतर हवा तेवढा संक्षेप करावा. जुन्या वहीतून पाठ उतरवताना कोणत्या मुद्रणालयाची आवृत्ती वापरली तेही टिपून ठेवावे, कारण श्लोकांक आवृत्तीगणिक सरकतात.

शार्ङ्गधर

जाता जाता शार्ङ्गधराविषयी. संहितेच्या कर्त्याने स्वतःस दामोदराचा पुत्र म्हटले आहे. 'शार्ङ्गधरपद्धती' या १३६३ च्या सुभाषितसंग्रहाचा कर्ताही दामोदराचाच पुत्र. त्याचा पितामह राघवदेव हा चाहमान राजा हम्मीराच्या सभेतला. दोघे एकच, असे म्हणणारे विद्वान आहेत आणि नाकारणारेही आहेत. वाग्भटाच्या उदाहरणावरून, पित्याचे नाव जुळले एवढ्याने व्यक्ती एक ठरत नाही, हे आपण पाहिले. म्हणून आम्ही येथे निर्णय देत नाही. पीटर पीटर्सन यांनी संपादिलेली पद्धती १८८८ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. क्वाथ-चूर्णांच्या आशेने ती उघडणाऱ्या वैद्याला राजनीती, ऋतुवर्णन, अन्योक्ती असे श्लोक भेटतील. परंतु तीत 'उपवनविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. भूमीची परीक्षा, बीजसंस्कार, रोपांमधील अंतर, झाडांना होणारे रोग व त्यांवरील उपचार असा वृक्षायुर्वेदाचा विषय त्यात आला आहे. ज्या वैद्यबंधूंनी व औषधशाळाचालकांनी शेताच्या बांधावर अडुळसा, शतावरी किंवा आवळा लावला आहे, त्यांनी ते प्रकरण संहितेइतक्याच आस्थेने वाचावे.